बांबूच्या ऑर्गनाचे निर्माते फादर दिएगो सेरा

देवालयांतील ऑर्गन म्हटला म्हणजे धातूच्या चकाकणाऱ्या नळ्यांची रांग डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्याच्या बहुतेक नळ्या साध्या बांबूच्या आहेत असा एक ऑर्गन फिलिपाईन्स बेटांत आहे. त्याचे निर्माते फादर दिएगो सेरा ह्यांचें चरित्र मननीय आहे.

फादर सेरा ह्यांचा जन्म इ. स. १७६२ सालीं स्पेनमधील ग्राउस गांवीं झाला. ऑगस्टिनियन रिकलेक्ट संघाचे हे धर्मगुरु १७९२ सालीं फिलिपाईन्सला आले. १७९५ सालीं मनिलानजीकच्या लास पिन्यास ह्या समुद्रकांठच्या गांवचा धर्मग्राम त्यांजकडे सोंपविण्यांत आला. गांवकऱ्यांस हाताशीं धरून त्यांनीं तेथें संत योसेफाचें दगडी देवालय उभारिलें.

देवालयास ऑर्गन हवा होता, आणि त्या मुलखांत बांबू मुबलक होता. १८१६ सालीं फादरांनीं कामास हात घातला. कीड लागली तर सारे श्रम व्यर्थ जाणार, म्हणून तोडलेला बांबू त्यांनीं समुद्रकांठच्या वाळूंत सुमारें वर्षभर पुरून ठेविला. जो निर्दोष निघाला तोच कामीं लाविला. १८२१ सालीं ऑर्गन वाजूं लागला. परंतु तुतारीचा स्वर बांबूंतून साधेना. तेव्हां त्या नळ्या धातूच्या करून १८२४ सालीं त्यांनीं काम पुरें केलें. एकंदर १०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या व १२९ धातूच्या आहेत. १८३२ सालीं फादर सेरा ख्रिस्तवासी झाले.

त्यांच्यामागें ऑर्गनास वाईट दिवस आले. भूकंप झाले, वादळांनीं देवालयाची नासधूस केली, आणि पुष्कळ नळ्या मुक्या झाल्या. वाळूंत वर्षभर धीर धरून मिळविलेला स्वर कायमचा लोपतो कीं काय, अशी वेळ आली. अखेर १९७३ सालीं ऑर्गन सुटा करून जर्मनींतील बॉन शहरीं क्लाइस ह्या कारखान्यांत दुरुस्तीस धाडण्यांत आला. इकडे देवालयाचाही जीर्णोद्धार झाला. १९७५ सालीं ऑर्गन परत आला, तेव्हां लोकांच्या आनंदास सीमा राहिली नाहीं.

एका धर्मगुरूनें आठ वर्षें खपून वाद्य घडविलें. पण तें टिकलें तें पुढील पिढ्यांनीं त्याची काळजी वाहिली म्हणून. पूर्वजांनीं उभारिलेलें आपल्या हातीं आलें आहे. तें जतन करणें हाच ज्युबिलीचा खरा उत्सव होय.