विश्लेषण : हरणांचा अभ्यासकच हरणांच्या मुळावर? आल्डो लिओपोल्ड आणि १९४३ चा वादग्रस्त हंगाम

अमेरिकेतील वन्यजीव व्यवस्थापनाचा पाया घालणारे म्हणून आल्डो लिओपोल्ड (१८८७-१९४८) आज आदराने ओळखले जातात. हयातीत मात्र विस्कॉन्सिन राज्यातील अनेकांनी त्यांना शिव्याशाप दिले. कारण, हरणांच्या माद्याही मारू द्या, असे ते सांगत होते.

लांडगे मारणारा वनाधिकारी

आयोवातील बर्लिंग्टनमध्ये जन्मलेल्या लिओपोल्ड यांना शिकारीचा नाद लहानपणापासूनच. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते वनसेवेत रुजू झाले आणि ॲरिझोनात गेले. तेव्हाचा हिशेब सरळ होता : लांडगे कमी, तर हरणे जास्त. त्याच वर्षी त्यांनी साथीदारांसह लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडल्या. मरत्या मादीचे डोळे कायमचे लक्षात राहिले. पण मत लगेच बदलले नाही. पुढची अनेक वर्षे ते लांडगे संपवण्याच्याच बाजूचे होते. चाहते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

हरणे उपाशी का मरत होती?

१९२४ मध्ये ते विस्कॉन्सिनला आले आणि १९३३ मध्ये तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. जंगलतोडीनंतर फुटलेला कोवळा पाला मुबलक, लांडगे जवळपास संपलेले. त्यामुळे पांढऱ्या शेपटीची हरणे (व्हाइटटेल) बेसुमार वाढली होती. शिकारीला परवानगी साधारणपणे फक्त नरांची. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे कितीही नर मारले, तरी पाडसे जन्मतच राहतात.

हिवाळ्यात बर्फ साचला की ही हरणे सीडरच्या दाट झाडीत एकवटतात. तोंड पोहोचेल तिथवरच्या फांद्या फस्त झाल्या की मोठी हरणे मागच्या पायांवर उभी राहून वरचे ओरबाडतात. पाडसांना तेही जमत नाही. आधी मरतात ती पाडसेच. रोपेही खाल्ली जात असल्याने नवे जंगल उगवत नाही.

१९४३ मध्ये काय घडले?

लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील नागरिक समितीने हिवाळ्यात या झाडीची पाहणी केली आणि माद्यांच्या शिकारीची शिफारस केली. लांडगे मारण्यावरचे इनामही बंद झाले. त्या हंगामात आधी चार दिवस शिंगवाले नर आणि नंतर चार दिवस बिनशिंगी हरणे मारण्याची मुभा मिळाली. सव्वा लाखाहून अधिक हरणे टिपली गेली. त्यात पाडसेही होती, आणि लोक खवळले. राज्याच्या संवर्धन आयोगाचे नवे सदस्य असलेले लिओपोल्ड टीकेचे धनी झाले. पुढील हंगामांत पुन्हा फक्त नर; १९४५ मध्ये लांडग्यांवरचे इनामही परत आले.

१९४४ मध्ये, वाद धुमसत असतानाच, त्यांनी ३५ वर्षांपूर्वीच्या त्या लांडगीवर लेख लिहिला. लांडगे नसलेला डोंगर हरणे कशी बोडका करतात, हे त्यात आहे. टीकाकारांना उत्तर देतानाच स्वतःच्या बंदुकीचाही हिशेब त्यांनी मांडला.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील वणवा विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. तो लेख असलेले ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनने बिनशिंगी हरणांच्या शिकारीला पुन्हा परवानगी दिली.