शाहीर विलास घोगरे : रमाबाई नगरच्या गोळीबाराने हिरावलेला आवाज

दरवर्षी 11 जुलैला आपण घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या शहिदांना अभिवादन करतो. चार दिवसांनी येणारी 15 जुलै मात्र अनेकदा गुपचूप निघून जाते. त्या दिवशी आपण शाहीर विलास घोगरे यांना गमावलं. वस्त्यांमध्ये तरुणांशी बोलताना मी त्यांचं नाव घेते, तेव्हा जयभीम कॉम्रेड हा माहितीपट पाहिलेली मोजकी मुलं हात वर करतात. बाकीच्यांसाठी हे थोडक्यात.

घोगरे मुंबईत मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या वस्त्यांमध्ये गाणं हीच शाळा असते. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की मोर्चा, ढोलकी आणि शाहीर हवाच. त्याच परंपरेतून ते आले आणि पुढे आव्हान नाट्य मंच या डाव्या सांस्कृतिक चळवळीत गाऊ लागले. जातीचं दुःख आणि मजुराची भूक त्यांच्या गाण्यात एकत्र आली. आनंद पटवर्धन यांच्या हमारा शहर या 1985 च्या माहितीपटात झोपडपट्ट्या तोडण्याच्या विरोधात घुमतो तो आवाज त्यांचाच. ज्यांनी शहर बांधलं त्यांच्याच डोक्यावर छप्पर का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्या मंचाशी त्यांचा दुरावा झाला. गाणं सुटलं नाही, गरिबीही सुटली नाही.

11 जुलै 1997 ची सकाळ. रमाबाई नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांचा हार घातल्याचं लोकांना दिसलं. लोक संतापून पूर्व द्रुतगती मार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि थोड्याच वेळात गोळीबार झाला. 10 जणांचा जीव गेला, 26 जखमी झाले. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. वस्तीच्या आतल्या बाजूला उभी असलेली, आंदोलनात नसलेली माणसंही त्यात होती. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असं समर्थन पोलिसांनी केलं.

घोगऱ्यांना हा घाव सोसला नाही. ज्या विचारासाठी आयुष्यभर गायलो, त्याच्या निशाणीची विटंबना होते आणि जाब विचारणाऱ्यालाच गोळी मिळते, हे त्यांना असह्य झालं. चार दिवसांनी त्यांनी आयुष्य संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. जाताना घरातल्या फळ्यावर त्यांनी शहिदांना आणि आंबेडकरी एकजुटीला अभिवादन लिहून ठेवलं होतं.

मित्रांनो, इथे एक स्पष्ट बोलते. त्यांच्या वेदनेपुढे आपण नतमस्तक होऊ, पण त्यांच्या मृत्यूचा आदर्श करू नये. आपल्याला तो शाहीर जिवंत हवा होता. आजही एखाद्या कार्यकर्त्याचं मन खचत असेल तर त्याला एकटं सोडू नका. चळवळीने आपल्या माणसांची घरं आणि मनं सांभाळणं हेही कामच आहे.

गोळीबाराच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला. आयोगाने 1998 च्या अहवालात गोळीबार अनावश्यक ठरवला आणि आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरलं. टँकरची सबबही आयोगाला पटली नाही. तरीही सत्र न्यायालयाचा निकाल यायला 2009 साल उजाडलं. सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. चपलांचा हार पाहिल्यापासून या निकालापर्यंत जवळपास 12 वर्षं गेली. त्या काळात त्या घरांतली पोरं मोठी झाली, म्हातारी माणसं वाट पाहत गेली.

असं का होतं? चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल शासकीय सेवकावर खटला भरायचा तर अनेकदा सरकारची पूर्वपरवानगी लागते. तपास पोलिसांचा आणि आरोपीही पोलीस. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, धरपकड झाली आणि आपला एक कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. तिथेही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

म्हणून 15 जुलैला घोगऱ्यांच्या फोटोला हार घालून थांबू नका. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होणं कायद्याने बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. शवविच्छेदनाचा अहवाल मागण्याचा हक्क कुटुंबाला आहे. आपल्या वस्तीत हे माहीत असलेले चार जण तयार करा. त्यांना गाणंही शिकवा. घोगऱ्यांनी शेवटपर्यंत जपलेली ती दोन्ही कामं आता आपल्याकडे आहेत : दुःख सांगणं आणि जाब विचारणं.

जयभीम! नमो बुद्धाय!