अरण्यातून गावाकडे
गुरुपौर्णिमेनिमित्त राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे पुण्यस्मरण

आषाढ शुद्ध पौर्णिमा हा व्यासपूजेचा मंगल दिवस. आज घरोघरी गुरूंच्या प्रतिमेस हार चढतील, पादुकांवर फुले वाहिली जातील. आणि ज्यांना सद्गुरू देहाने भेटले नाहीत, ते ग्रंथालाच गुरू मानून त्याची पूजा बांधतील. वऱ्हाडात या सुमारास मृगाच्या सरी होऊन गेलेल्या असतात, काळ्या मातीतून कपाशीची रोपे वर आलेली असतात. गुरुपूजनाचा सण नेमका या दिवसांत यावा, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मनुष्याला शहाणपण देणारे गुरू जसे आश्रमात असतात, तसे ते शेतात, नदीत आणि रानातही असतात, हे आपल्या धर्मग्रंथांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. निःसंग, निश्चिंत असा तो अवधूत पाहून राजाने त्याच्या आनंदाचे कारण विचारले, तेव्हा अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगितली. त्यांत पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य आणि समुद्र आहेत. कपोत, अजगर, मधमाशी, हरिण आणि कोळीही आहेत. या गुरूंत पहिला मान पृथ्वीचा. लोकांनी कितीही तुडविले तरी ती आपले व्रत सोडीत नाही; तिच्यावरील वृक्ष आणि पर्वत केवळ दुसऱ्यासाठीच जगतात. संत एकनाथांनी 1573 साली पूर्ण केलेल्या आपल्या भागवतात हाच प्रसंग मराठीत विस्ताराने उलगडून दाखविला आणि माहूरपासून गाणगापूरपर्यंतच्या दत्तभक्तांच्या घरी हे चोवीस गुरू परिचयाचे झाले.

परंतु ग्रंथात वाचलेली ही गोष्ट प्रत्यक्ष जगून दाखविणारा एक महापुरुष आपल्याच विदर्भाच्या मातीत होऊन गेला. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते महापुरुष म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात 30 एप्रिल 1909 रोजी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव मंजुळाबाई, वडिलांचे नाव बंडोजी. बाळाचे नाव माणिक ठेवण्यात आले. घरी अठराविश्वे दारिद्र्य. वडील शिवणकाम करून संसार रेटीत. माणिकचे शाळेचे शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. मन रमे ते भजनात. वरखेड येथे आडकोजी महाराज नावाचे थोर सत्पुरुष होते. बालपणीच त्यांचा सहवास माणिकला लाभला आणि त्यांनीच या मुलाला तुकड्या हे नाव दिले. पुढे अवघ्या देशाने ते नाव आदराने घेतले.

आडकोजी महाराजांनी 1921 साली देह ठेवला. ज्याच्या आधाराने उभे राहावे तो वृक्षच उन्मळून पडावा, तशी त्या कोवळ्या वयाच्या मुलाची स्थिती झाली. पुढे त्याने घर सोडले आणि अरण्याची वाट धरली. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा ही त्याच्या भ्रमणाची आणि तपाची ठिकाणे. यांपैकी रामदिघी आणि गोंदोडा चिमूरच्या परिसरात, ताडोबाच्या जंगलाशी नाते सांगणाऱ्या भूमीवर आहेत. सागाची आणि बांबूची दाट बने, खडकांतील कपारी, पावसाळ्यात कोसळणारे ओहोळ आणि वाघा-अस्वलांचा वावर, असा तो प्रदेश. रामदिघीच्या रानात एका योगी पुरुषाने त्यांना योगमार्गाची दीक्षा दिली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

रानातल्या त्या दिवसांनी त्यांना काय दिले, याचे उत्तर त्यांच्या पुढील आयुष्याने दिले आहे. अरण्यात मनुष्याची जात कोणी विचारीत नाही. झऱ्याचे पाणी श्रीमंताला अधिक आणि दरिद्र्याला उणे असे मिळत नाही. वृक्षाची सावली स्पृश्य-अस्पृश्य जाणत नाही. पहाटे सारे रान एकाच वेळी जागे होते आणि सायंकाळी एकाच वेळी शांत होते. पुढे महाराजांनी ज्या गोष्टींसाठी देह झिजविला, त्या समता, शुचिता आणि सामुदायिकता या तिन्ही गोष्टींचे बीज आम्हांला या अरण्यवासात दिसते.

येथेच या चरित्राचे खरे वैशिष्ट्य आहे. निसर्गाच्या सान्निध्यात मनःशांती मिळाली, म्हणून तेथेच रमून राहणारे साधक पुष्कळ असतात. तुकडोजी महाराज मात्र परत फिरले. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने गाऊ लागले. सातपुड्याच्या कुशीतील सालबर्डी येथे 1935 साली त्यांनी मोठा यज्ञ केला आणि त्यास अपार जनसमुदाय लोटला. त्याच सुमारास नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. कुंज म्हणजे वृक्षवेलींची गर्द सावली. रानाचा निरोप घेतलेल्या या साधूने लोकसेवेच्या केंद्राला नाव दिले, तेही रानाची आठवण जागविणारे.

पुढील वर्षी, 1936 साली, महात्मा गांधींच्या सहवासात ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. ज्या चिमूरच्या परिसरात त्यांनी तप केले होते, तेथील जनता 1942 च्या ऑगस्टमध्ये परकीय सत्तेविरुद्ध उठली. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील कारागृहांत त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर 1955 साली जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते उपस्थित राहिले. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. परंतु या सन्मानांपेक्षाही मोठे त्यांचे कार्य म्हणजे ग्रामगीता.

हा ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. त्याचे 41 अध्याय आणि 4675 ओव्या आहेत. पारायणाचा ग्रंथ म्हणून तो उघडणाऱ्या भाविकास त्यात ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, महिलोन्नती हे विषय भेटतात. गावाची सांडपाण्याची व्यवस्था, स्वच्छ पाणी, गाईगुरे, शेती हे सारे महाराजांच्या दृष्टीने परमार्थातच मोडत होते. ज्याने सृष्टीमध्ये देव पाहिला, त्याला गावचा उकिरडा देवळाच्या दाराशी सहन होणार कसा? म्हणूनच त्यांच्या श्रीगुरुदेव सेवामंडळाचा दिवस सूर्योदयापूर्वीच्या सामुदायिक ध्यानाने सुरू होई, पुढे गावसफाई आणि रामधून, आणि दिवस मावळल्यावर सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेच्या जागी विशिष्ट देवतेची मूर्ती न ठेवता केवळ एक अधिष्ठान असे, जेणेकरून कोणत्याही पंथाच्या मनुष्याने संकोच न धरता तेथे बसावे. विदर्भातील कित्येक खेड्यांनी हा नेम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे.

आता आम्ही वाचकांस यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात, राजूर या गावी घेऊन जातो. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे चंद्रपूर जिल्हा, आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस महाराजांची ती तपोभूमी. इतके हे गाव त्या अरण्याच्या शेजारचे. परंतु राजूरची ओळख अरण्याची नाही. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांनी या गावाला नाव दिले. येथील कष्टकऱ्याने भूमीच्या पोटात उतरून कोळसा काढला आणि भट्टीच्या धगीपुढे उभे राहून चुनखडी भाजली. अशा गावच्या भाविकाने विचारावे, की महाराजांना आत्मबोध देणारे रान आमच्या वाट्याला कोठे आहे? हा प्रश्न आम्हांला रास्त वाटतो आणि त्याला उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

भूगर्भशास्त्र सांगते, की वर्धा खोऱ्यातील कोळसा म्हणजे सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीची वनस्पती होय. दलदलीत गाडल्या गेलेल्या त्या वनांवर गाळाचे थर साचले, दाब आणि उष्णता यांनी त्यांचा कोळसा झाला. या टापूतील चुनखडी त्याहूनही प्राचीन, एका लुप्त समुद्राच्या तळाशी साठलेली. म्हणजे राजूरच्या मनुष्याच्या पायाखाली एक अरण्य आहे आणि एक सागरही आहे. अवधूताने ज्यांना गुरू मानले, त्यांतील पृथ्वी आणि समुद्र येथे अशा रूपाने निजलेले आहेत. लाखो वर्षे सूर्याचे तेज पिऊन ती वने वाढली. ते तेज पुन्हा अग्निरूपाने आपल्या घरचा दिवा लावते. ज्याच्या हातांनी हे धन वर आले, तो खाणकामगार आमच्या मते त्या अरण्याचा अखेरचा साक्षीदारच आहे.

मात्र यातून एक ऋण उत्पन्न होते. पृथ्वी क्षमाशील आहे हे खरे. परंतु तिची क्षमा ही आपल्याला दिलेली मोकळीक नव्हे. अवधूत तिच्याकडून सहन करणे शिकला. आपण तिच्याकडून केवळ घेणे शिकलो, तर आपण शिष्य ठरत नाही. जेथून कोळसा निघतो तेथील भूमी खचते, विहिरींचे पाणी उतरते, पानांवर धूळ बसते. हे पाहून ज्याचे मन विटत नाही, त्याच्या भक्तीत कोठेतरी उणीव आहे असेच म्हणावे लागेल. भूमीवरील वृक्ष दुसऱ्यासाठी जगतात, हा पहिल्या गुरूचा पाठ जो विसरला, त्याने उरलेल्या तेवीस गुरूंकडे जाऊन तरी काय मिळवावे?

तुकडोजी महाराजांनी 11 ऑक्टोबर 1968 रोजी गुरुकुंजात देह ठेवला. तेथेच त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी पुण्यतिथीस हजारो भाविक तेथे मौन श्रद्धांजली वाहतात. अरण्य सोडून आलेल्या या संताने आपल्याला कोणासही घर सोडून अरण्यात जाण्यास सांगितले नाही. त्यांनी अरण्याचा धर्म गावात आणला. सूर्योदयापूर्वी उठणे, आपल्या अंगणापुढची जागा झाडणे, पाण्याचा साठा निर्मळ राखणे, शेजाऱ्यासह प्रार्थनेस बसणे, हे राजूरच्या खाणवस्तीतही होऊ शकते आणि मुंबईच्या चाळीतही. भट्टीच्या धुरात वाढणारा एक कडुनिंब रोज सायंकाळी तांब्याभर पाणी घालून जगविला, तर तीही गुरुसेवाच होय.

आज गुरुपूजन करताना प्रतिमेपुढे निरांजन लावावेच. परंतु तत्पूर्वी क्षणभर भूमीला हात लावून वंदन करावे. सकाळी अंथरुणातून उठताना पाय टेकण्याआधी तिची क्षमा मागण्याचा आपल्या वाडवडिलांचा परिपाठ होताच. तो परिपाठ पुन्हा घरात यावा आणि क्षमा मागणाऱ्या हातांनी या पावसाळ्यात एखादे रोपही लावावे, एवढीच आमची वाचकांस नम्र प्रार्थना. राष्ट्रसंतांच्या चरणी आमचे कोटी कोटी प्रणाम.