रतनबाई पेटिट : गिरणीमालकाची लेक, बॅरिस्टरची बेगम

पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जायचा. तिथल्या बड्या गिरणीमालकांत पेटिट हे पारशी घराणं. इंग्रज सरकारनं त्यांना बॅरोनेटचा वंशपरंपरागत किताब दिलेला. सर दिनशा पेटिट यांची लेक रतनबाई, म्हणजेच रुट्टी, २० फेब्रुवारी १९०० रोजी जन्मली.

१९१६ च्या उन्हाळ्यात बॅरिस्टर मोहम्मद अली जिना दार्जिलिंगला पेटिटांकडे पाहुणे होते. जिना कराचीच्या खोजा व्यापाऱ्याचे चिरंजीव. मुंबईत नाव आणि पैसा कमावला तो स्वतःच्या हिमतीवर; पण पेटिटांसारखं खानदान पाठीशी नव्हतं. त्यात धर्म वेगळा, वयात २३ वर्षांचं अंतर आणि मुलगी अवघी १६ वर्षांची. जिनांनी मागणी घातली. आंतरधर्मीय लग्नं चांगली मानणारे सर दिनशा, गोष्ट स्वतःच्या दारात येताच भडकले. त्यांनी कोर्टाकडून भेटीगाठींवर बंदी आणली.

सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न व्हावं, असं आम्ही शिक्षक म्हणून कधीच म्हणणार नाही. बापाची काळजीही आम्हाला कळते. पण रुट्टी पळून गेल्या नाहीत. अठरा पूर्ण होईपर्यंत त्या थांबल्या, मगच घर सोडलं.

तेव्हा १८७२ च्या कायद्यानं नोंदणी लग्न करायचं तर आपला धर्म नाकारावा लागे. ती अट जावी म्हणून १९१२ मध्ये जिना स्वतः कायदेमंडळात बोलले होते, पण अट तशीच राहिली. शेवटी रुट्टींनी १८ एप्रिल १९१८ रोजी इस्लाम कबूल केला. दुसऱ्या दिवशी मलबार हिलवर जिनांच्या घरी निकाह झाला. वडिलांनी नातं तोडलं.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला गव्हर्नर विलिंग्डनच्या निरोपसभेला विरोध करायला जिना टाऊन हॉलवर गेले, तेव्हा रुट्टीही सोबत होत्या. १९१९ मध्ये मुलगी दिना झाली. पुढे राजकारणात जिनांना घरासाठी वेळ उरला नाही, रुट्टींची तब्येत ढासळत गेली. १९२८ मध्ये त्या वेगळ्या राहू लागल्या. २० फेब्रुवारी १९२९ ला, बरोबर २९ व्या वाढदिवशी, त्यांचा इंतकाल झाला. माझगावच्या खोजा कब्रस्तानात दफनविधीच्या वेळी जिना सर्वांसमोर रडले.

१९३८ मध्ये दिनांनी पारशी घराण्यातल्या नेव्हिल वाडियांशी लग्न केलं. या वेळी विरोध करणारे वडील जिना होते!

गादीवर बाप बदलतो, सवय बदलत नाही. म्हणून पालकांना आमचं एवढंच सांगणं : मुलीला शिकवा, तिचं वय होऊ द्या आणि मग तिचं म्हणणंही ऐका.