श्रीरामपूरचे केरी दांपत्य : गृहजीवन, दिनक्रम आणि मराठी ग्रंथनिर्मिती

अर्वाचीन मराठी गद्याच्या आरंभकाळाचा विचार करताना विल्यम केरी यांचे नाव अपरिहार्यपणे येते. मराठी वाङ्मयेतिहासांत त्यांच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो. १८०५ चे व्याकरण, १८१० चा कोश, १८१४ ची ‘सिंहासन बत्तिशी’ अशी ग्रंथांची आणि सनांची यादी देऊन त्यांचा उल्लेख संपतो. ज्या घरात, ज्या दिनक्रमात आणि ज्या माणसांच्या सोबतीने हे ग्रंथ सिद्ध झाले, त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. केरी यांच्या ग्रंथकर्तृत्वाचा आधार त्यांच्या श्रीरामपूरच्या संसारात आहे. या संसाराची किंमतही मोठी होती आणि ती सर्वांत अधिक त्यांच्या पहिल्या पत्नीने मोजली.

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील प्रथम विणकर होते व पुढे गावच्या शाळेचे शिक्षक झाले. विल्यम चांभारकाम शिकले आणि त्या धंद्यात असतानाच लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा त्यांनी बव्हंशी स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या. १७८१ मध्ये त्यांचा विवाह डॉरथी प्लॅकेट यांच्याशी झाला. डॉरथी त्यांच्यापेक्षा सुमारे पाच वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. विवाहनोंदीत सहीच्या जागी त्यांनी फुली केली. १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि केरी यांनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले, तेव्हा डॉरथींनी आरंभी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या व आपले खेडे सोडून फारशा दूर कधी गेल्या नव्हत्या. अखेर बहिणीला सोबत घेण्याच्या अटीवर त्या निघाल्या. जून १७९३ मध्ये एका डॅनिश जहाजातून, चार मुलांसह, हे कुटुंब निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले.

पुढील सहा वर्षे हलाखीची गेली. उत्तर बंगालमधील मदनावती येथे नीळ तयार करण्याच्या कारखान्यावर केरी व्यवस्थापक होते. तेथे १७९४ मध्ये पीटर हा पाच वर्षांचा मुलगा आमांशाने दगावला. या आघातानंतर डॉरथींचे मानसिक संतुलन ढळले व ते पुन्हा कधीच सावरले नाही. पतीविषयी विलक्षण संशय त्यांच्या मनात घर करून बसले. केरी मात्र याच काळात बंगाली व संस्कृत शिकत होते आणि भाषांतराची पाने वाढत होती. त्यांच्या भावी ग्रंथरचनेची पूर्वतयारी आणि त्यांच्या पत्नीचा विनाश या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडत होत्या, ही वस्तुस्थिती चरित्रकाराला टाळता येत नाही.

कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध असल्यामुळे नव्याने आलेल्या सहकाऱ्यांनी हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीचा आश्रय घेतला. जानेवारी १८०० मध्ये केरी तेथे त्यांना मिळाले. जोशुआ मार्शमन व त्यांच्या पत्नी हॅना हे शिक्षक, तर विल्यम वॉर्ड हे मुद्रणकलेचे जाणकार. या मंडळींनी एकत्र कुटुंबाची व्यवस्था स्वीकारली. प्रत्येकाची मिळकत सामाईक कोशात जमा होई, जेवण एका पंक्तीला होई आणि आपसांतील मतभेद मिटविण्यासाठी आठवड्यातून एकदा बैठक भरे. मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळेचे उत्पन्न याच कोशात येई. १८०१ मध्ये केरी फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० रुपयांवर अध्यापक झाले. १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळून हे वेतन १००० रुपये झाले. त्यांपैकी स्वतःच्या चरितार्थापुरता अल्प भाग ठेवून बाकीचे ते कोशात देत. छापखाना, कागद, खिळे आणि पंडितांचे वेतन यांचा बराच भार या सामाईक कोशाने उचलला.

या एकत्र कुटुंबाची धुरा वस्तुतः हॅना मार्शमन यांच्या खांद्यावर होती. डॉरथी आजारामुळे खोलीतच असत आणि त्यांच्या मुलांकडे हॅना व वॉर्ड यांनी लक्ष दिले. आईचा आक्रोश कानी येत असताना शेजारच्या खोलीत केरी पंडितांसह भाषांतराला बसलेले असत. सरकारी वेड्यांच्या इस्पितळात पत्नीला पाठविण्याचा विचार त्यांना मान्य नव्हता. त्यांनी तिला अखेरपर्यंत घरीच ठेवले. ८ डिसेंबर १८०७ रोजी डॉरथींचे निधन झाले. १८०५ चे मराठी व्याकरण या काळातले आहे, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

केरी यांचा दिनक्रम कसा असे, हे जून १८०६ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील एका स्नेह्याला कळविलेल्या एका दिवसाच्या वृत्तान्तावरून समजते. तो दिवस कलकत्त्यातला होता. पावणेसहाला उठून त्यांनी हिब्रू बायबलमधील एक अध्याय वाचला आणि सातपर्यंतचा वेळ प्रार्थनेत घालविला. नंतर नोकरांसमवेत बंगालीत उपासना झाली. चहा ओतला जाईपर्यंत मुनशीबरोबर फारसीचे वाचन झाले, न्याहारीपूर्वी हिंदुस्थानीचे. न्याहारीनंतर दहापर्यंत पंडिताबरोबर रामायणाचे संस्कृतातून भाषांतर, त्यानंतर दुपारी दीड-दोनपर्यंत कॉलेजातील अध्यापन. परत आल्यावर बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासणे. जेवणानंतर संध्याकाळी सहापर्यंत मुख्य पंडितासह मत्तयकृत शुभवर्तमानाचे संस्कृत भाषांतर. मग तेलुगू पंडिताची शिकवणी. साडेसातला इंग्रजी प्रवचन. त्यानंतर रात्री अकराच्या सुमारापर्यंत पुन्हा बंगाली भाषांतर आणि पत्रलेखन, व झोपण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचे वाचन.

या दिनक्रमात प्रत्येक प्रहराला एक वेगळा पंडित किंवा मुनशी हजर आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. केरी यांच्या नावावर नोंदलेली बहुभाषिक ग्रंथसंपदा या सहबैठकीतून निर्माण झाली. मराठीच्या बाबतीत ही जागा कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांची होती आणि व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरी यांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. १८०२ चा वसईचा तह आणि त्यानंतरचे इंग्रज-मराठा युद्ध यांमुळे मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची कंपनीला निकड भासू लागली होती. मराठी मुलखात कधीही पाऊल न टाकलेल्या केरी यांच्याकडे मराठीचे अध्यापन आले ते या परिस्थितीत. मराठीचे एक व्याकरण १७७८ मध्ये रोममध्ये पोर्तुगीज भाषेत छापले गेले होते. परंतु व्याकरणाला दैनंदिन व्यवहारातील संवादांची जोड देण्याची केरी यांची कल्पना अध्यापनाच्या गरजेतून आलेली होती. त्या संवादांचे मराठीपण वैजनाथांच्या कानावर व जिभेवर अवलंबून होते. १८१० चा कोश मोडी खिळ्यांत छापला गेला, कारण लेखनव्यवहारात अधिकाऱ्यांपुढे येणारी लिपी मोडीच होती.

मे १८०८ मध्ये केरी यांनी शार्लट एमिलिया रूमोर यांच्याशी विवाह केला. शार्लट श्लेस्विग प्रांतातील एका डॅनिश सरदार घराण्यातील. त्याही १७६१ मध्येच जन्मलेल्या. प्रकृतीच्या कारणाने त्या हिंदुस्थानात आल्या, श्रीरामपुरात मिशनच्या शेजारी राहिल्या आणि १८०३ मध्ये केरी यांच्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या पत्नीच्या निधनाला सहा महिनेही झाले नसता हा विवाह ठरल्यामुळे सहकाऱ्यांनी नापसंती दर्शविली; पण विरोध फार टिकला नाही. वयाच्या सत्तेचाळिशीत आलेल्या या दोघांचा संसार तेरा वर्षे चालला.

शार्लट यांना चालणे-फिरणे जड जाई, जिने चढणे तर अशक्यच होते. तरीही घराला प्रथमच स्थैर्य आले ते त्यांच्यामुळे. त्यांना युरोपातील अनेक भाषा अवगत होत्या आणि केरी भाषांतर करीत असलेला मजकूर निरनिराळ्या भाषांत वाचून त्या अर्थच्छटांची चर्चा करीत. स्थानिक ख्रिस्ती स्त्रियांशी बोलता यावे म्हणून त्या बंगाली शिकल्या. आपले घर त्यांनी मिशनला दिले आणि त्याचे भाडे देशी प्रचारकांच्या चरितार्थासाठी लावले. कोणत्याही मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही. परंतु १८१० चा मराठी कोश, १८११ चा मराठी नवा करार आणि ‘सिंहासन बत्तिशी’ हे ग्रंथ या तेरा वर्षांतले आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

केरी यांचा एकमेव विसावा म्हणजे बाग. सुमारे पाच एकरांच्या या बागेत पहाटे फेरी मारल्यावाचून दिवस सुरू होत नसे. १८२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यानविद्येला वाहिलेली संस्था कलकत्त्यात स्थापन झाली, तिचे मूळ या घरगुती छंदात आहे.

संकटे मात्र थांबली नाहीत. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. त्या वेळी केरी कलकत्त्यात होते. अनेक लिप्यांचे खिळे, कागदाचा साठा आणि वर्षानुवर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळून गेली. संस्कृताधिष्ठित बहुभाषिक कोशाची सामग्री त्यांत होती. खिळे पाडण्याचे मूळ ठसे वाचल्यामुळे अल्पावधीत छपाई पुन्हा सुरू झाली. नष्ट झालेली हस्तलिखिते त्यांना नव्याने रचावी लागली. त्यापेक्षा अधिक जिव्हारी लागला तो स्वकीयांचा आक्षेप. इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांना ज्येष्ठांची सत्ता व सामाईक कोशाची रीत जाचक वाटली. पैशाच्या हिशेबावरून कुजबूज सुरू झाली. हा वाद चिघळत जाऊन १८२७ मध्ये श्रीरामपूर मिशन मूळ सोसायटीपासून विभक्त झाले. कोणे काळी ज्या सामाईक पंक्तीने ग्रंथनिर्मितीला आधार दिला, तीच संशयाचा विषय व्हावी हा या जीवनातील कटू भाग होय.

३० मे १८२१ रोजी शार्लट निवर्तल्या. १८२२ मध्ये थोरला मुलगा फेलिक्स व १८२३ च्या मार्चमध्ये वॉर्ड गेले. त्याच वर्षी केरी यांनी ग्रेस ह्यूज या विधवेशी तिसरा विवाह केला. ऑक्टोबरात होडीतून उतरताना पडून त्यांच्या मांडीच्या सांध्याला जबर दुखापत झाली आणि त्याच सुमारास दामोदर नदीच्या पुराने बागेची नासाडी केली. ग्रेस यांनी या आजारपणात व पुढे अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. दिनक्रम मात्र मोडला नाही. तो क्वचित मोडला तो तसेच कारण असल्यामुळे. सतीबंदीचा कायदा ४ डिसेंबर १८२९ रोजी झाला आणि त्याच्या बंगाली भाषांतराचे काम रविवारी, ६ डिसेंबरला त्यांच्या हाती आले. एका दिवसाच्या विलंबाने कितीतरी स्त्रियांचे प्राण जातील हे ओळखून त्यांनी प्रवचनाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि संध्याकाळपर्यंत पंडितासह भाषांतर पुरे केले.

१८३० मध्ये कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या व मिशनचा निधी त्यांत गेला. पाठोपाठ कॉलेजातील प्राध्यापकपदही संपुष्टात येऊन केरी यांना निम्म्या वेतनाइतके निवृत्तिवेतन मिळू लागले. तरीही बंगाली बायबलची शेवटची सुधारित आवृत्ती त्यांनी तडीस नेली. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांचे निधन झाले. शार्लट यांच्या शेजारी आपल्याला पुरावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदविली होती; तिच्याप्रमाणे झाले. इंग्लंड सोडल्यानंतरच्या एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

मराठीपुरते बोलायचे तर केरी यांच्या ग्रंथांची भाषा आज सदोष वाटेल आणि मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशापुढे १८१० चा कोश निश्चितच तोकडा ठरला. मात्र कोशाची गरज ओळखून तो मुद्रित रूपात प्रथम उभा करण्याचे श्रेय श्रीरामपूरकडे जाते. हे श्रेय देताना वैजनाथ पंडितांची बैठक, हॅना मार्शमन यांची गृहव्यवस्था, शार्लट यांची साथ आणि डॉरथींचे उद्ध्वस्त आयुष्य यांची नोंद केरी यांच्या नावाशेजारी झाली पाहिजे. आरंभकालीन मराठी गद्याचा इतिहास केवळ मुखपृष्ठांवरील नावांवरून लिहिला, तर त्यातून ही चारही माणसे निसटतात.