फोटो ५१: डीएनएच्या कॉपीमागचं गुपित आणि रोझालिंड फ्रँकलिन

फोनवर कॉपी-पेस्ट करायला आपल्याला एक सेकंद पुरतो. पण शरीरात एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा सुमारे ६ अब्ज अक्षरांचा डीएनए कॉपी व्हावा लागतो. हे कसं होतं ते कळण्यात ज्यांच्या एका फोटोचा मोठा वाटा आहे, त्या रोझालिंड फ्रँकलिन यांच्याबद्दल आज मी सांगणार आहे.

रोझालिंड यांचा जन्म १९२० चा, लंडनचा. केंब्रिजला त्या रसायनशास्त्र शिकल्या. आधी कोळशावर संशोधन केलं, मग पॅरिसमध्ये एक्स-रे वापरून पदार्थांची रचना ओळखायला शिकल्या. १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आल्या आणि डीएनएचं काम त्यांच्याकडे आलं.

डीएनएच्या बारीक धाग्यावर एक्स-रे सोडले की ते विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. अशा एका फोटोला ६० तासांहून जास्त वेळ लागला! मे १९५२ मध्ये रोझालिंड आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी काढलेला हाच तो फोटो ५१. त्यात फुलीसारखी खूण स्पष्ट दिसते. ही खूण पीळदार आकाराची.

जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी हा फोटो रोझालिंड यांना न सांगता जेम्स वॉटसन यांना दाखवला. त्यांची अप्रकाशित मोजमापंही एका अहवालातून फ्रान्सिस क्रिक यांच्यापर्यंत पोचली. त्याच वर्षी वॉटसन-क्रिकचं दुहेरी पिळाचं मॉडेल जाहीर झालं.

आता गंमत बघा. आकार कळला आणि कॉपीची युक्तीही दिसली. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. तिच्या पायरीत ए समोर टी आणि जी समोर सी, अशी ठरलेली जोडी. कॉपी करताना हेलिकेज नावाचं एन्झाइम ही शिडी चेनसारखी उघडतं. मग पॉलिमरेज प्रत्येक सुट्या बाजूसमोर जोडीचं अक्षर बसवत जातं. चुकीचं बसलं तर बहुतेक वेळा लगेच काढून टाकतं. शेवटी दोन डीएनए तयार होतात. दोन्हींत एक बाजू जुनी, एक नवी.

मेसेल्सन आणि स्टाल यांनी हे प्रयोगाने सिद्ध केलं आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोझालिंड कॅन्सरने गेल्या. वय फक्त ३७. शेवटच्या वर्षांत त्या विषाणूंच्या रचनेवर काम करत होत्या.

१९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. मला विचाराल तर पेशी इथे आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. प्रत्येक नव्या कॉपीत ती अर्धं मूळ जपून ठेवते. आपण मात्र फोटो फॉरवर्ड करतो आणि काढणाऱ्याचं नाव मागेच राहतं. म्हणून पुस्तकात वॉटसन-क्रिक वाचाल, तेव्हा रोझालिंड फ्रँकलिन हे नावही आठवा.