योहानेस व्हॅन डर वाल्स : सुताराचा मुलगा, नोबेलचा मानकरी

आपली मुले रसायनशास्त्रात ‘व्हॅन डर वाल्स बल’ घोकतात. त्या नावामागच्या माणसाची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

योहानेस व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी नेदरलँड्समधील लायडन येथे झाला. वडील सुतार, दहा भावंडांत हे थोरले. शिक्षण शाळामास्तर होण्यापुरतेच झाले. लॅटिन-ग्रीक येत नसल्याने विद्यापीठाची परीक्षा देता येईना. तरीही नोकरी सांभाळून ते लायडन विद्यापीठातील व्याख्याने ऐकत राहिले. पुढे ही अट सुटली आणि १८७३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

वायूचे रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना ओढतात, हे त्यांनी समीकरणात बसवले. रेणू खरेच असतात का, अशी शंका तेव्हा अनेकांना होती! ही ओढ पदार्थागणिक वेगळी असते. मिथेनच्या रेणूंत ती क्षीण, म्हणून तो उणे १६१ अंशांवरच उकळतो. पाण्याचा रेणू वजनाला जवळपास तेवढाच. पण तिथे हायड्रोजन बंध प्रबळ, म्हणून पाणी १०० अंशांना उकळते.

१८७७ मध्ये ते ॲमस्टरडॅमला प्राध्यापक झाले. १८८१ मध्ये पत्नी क्षयाने गेली आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी काहीच प्रसिद्ध केले नाही. त्यातून ते सावरले. त्यांच्याच सिद्धान्ताच्या आधाराने कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हीलियम द्रवरूप केला. १९१० मध्ये नोबेल मिळाले. ८ मार्च १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

एखाद्या अटीपायी वाट अडलेल्या आपल्या मुलामुलींना हे चरित्र जरूर सांगावे, असे आम्हांला वाटते.